अभयारण्य जाहीर झाले. पक्षी वाचला काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरातील गावांत हजारो माणसे ज्या घरांखाली गाडली गेली, ती घरे त्या काळच्या समजुतीप्रमाणे कच्ची नव्हती. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दीड-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे, ही बांधणी गावात भक्कमपणाची आणि प्रतिष्ठेची खूण मानली जात होती. भूकंपाने त्या समजुतीचा निकाल काही सेकंदांत लावला. कुडाच्या-पत्र्याच्या हलक्या खोपटांत राहणारी माणसे तुलनेने वाचली आणि वाड्यांखाली कुटुंबेच्या कुटुंबे संपली. पुढे अभियंत्यांनी भिंत आरपार सांधणारे दगड, चौकटीवरून फिरणारा काँक्रीटचा सलग पट्टा, हलके छप्पर अशा गोष्टी सांगितल्या तेव्हा किल्लारीकरांना त्या पटवून देण्यासाठी फार व्याख्याने द्यावी लागली नाहीत. घर उभे राहिले की पडले, ही एकच कसोटी त्यांच्यासमोर होती. किती पोती सिमेंट खर्ची पडले आणि पायाभरणीला कोणता मंत्री आला होता, यावरून घराची मजबुती ठरविणारा माणूस या भागात आज वेड्यात काढला जाईल.

वन्यजीव-संरक्षणाचा हिशेब मात्र अजूनही पोत्यांतच मांडला जात आहे. किती चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव केले, किती रोपे लावली, किती पिंजरे लावले, किती निधी खर्च झाला, याचे तक्ते दरवर्षी छापले जातात. ज्या प्राण्यासाठी हा सगळा खटाटोप, तो वाढला की घटला आणि हा खटाटोप केला नसता तर त्याचे काय झाले असते, हा प्रश्न त्या तक्त्यांत कोठेच नसतो. तो प्रश्न वगळणे नोकरशाहीच्या सोयीचे आहे, कारण उत्तर आले की जबाबदारीही येते. पण तो समाजवादी चळवळीनेही आजवर विचारलेला नाही आणि त्याची किंमत कष्टकऱ्यांनी मोजली आहे, म्हणून या विषयाला येथे तोंड फोडणे अगत्याचे आहे.

निमित्त जवळचेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ साडेचारशे-पाचशे किलोमीटरची वाट तुडवीत धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात येऊन पोचला. अवघे बावीस चौरस किलोमीटरचे ते रान. लगेच दोन तट पडले. एकाला मराठवाड्यात वाघ आला याचेच कौतुक. दुसऱ्याचे म्हणणे एवढेच, की त्याला उचला आणि दुसरीकडे नेऊन सोडा. २०२५ च्या आरंभी ताडोबाहून पथके आली, वाघाला पकडून सह्याद्रीत नेण्याचा बेत झाला. वाघ मात्र महिनोन्‌महिने हाती लागला नाही. या धामधुमीत एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. उचलून दुसरीकडे सोडण्याच्या उपायाचा आपल्या राज्यातील पूर्वानुभव काय आहे?

तो अनुभव आहे आणि तो मोजलेलाही आहे. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात माणसांच्या वस्तीलगत बिबटे पूर्वीपासून राहात. २००१ पासून वनखात्याने ते पिंजऱ्यांत पकडून लांबच्या जंगलांत सोडण्याची मोठी मोहीम काढली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास करून तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. मोहिमेपूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर २००३ पर्यंत ते वर्षाला सरासरी १७ झाले आणि त्यांत जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. म्हणजे ज्या उपायाने माणसे वाचावीत त्यानेच माणसे मारली. परक्या मुलखात आणून टाकलेले, पिंजऱ्यात जायबंदी आणि बिथरलेले जनावर माणसाच्या वाटेला जास्त जाते, हे कळायला बिबट्याचे मन वाचावे लागत नाही. हल्ल्यांची नोंद नीट ठेवली तरी पुरते. एवढे होऊनही पिंजऱ्याची मागणी थांबत नाही, कारण पिंजरा लावला की काहीतरी केल्याचे दिसते. डिसेंबर २०२५ मध्ये तर बिबट्यांनी गावात येऊ नये म्हणून जंगलात एक कोटी रुपयांच्या शेळ्या सोडण्याची कल्पना राज्याच्या वनमंत्र्यांनी बोलून दाखविली. शेळीवर जगणाऱ्या भूमिहीन बाईला शेळी-गटाच्या कर्जासाठी बँकेचे किती उंबरे झिजवावे लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

परंतु मराठवाड्याच्या सीमेवरचे सर्वांत बोलके उदाहरण बिबट्याचे नव्हे, माळढोकाचे आहे.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आहेत याकडे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तेथे गवताची काही कुरणे राखली गेली आणि त्या कुरणांत पक्षी टिकून राहिले. हा छोटा, नेमका आणि उपयोगी पडत असलेला उपाय होता. यानंतर शासनाने काय करावे? कुरणे वाढवावीत, त्यांचा चारा गावाला द्यावा, पक्षी मोजत राहावे. शासनाने १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र एका फटक्यात अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यात गावे, तालुक्याची ठिकाणे, शेते, साखर कारखाने सर्व काही आले. यांतील बहुतेक जमीन खासगी शेतकऱ्यांची होती. विहीर, घर, जमिनीचा व्यवहार, प्रत्येक गोष्टीला वनखात्याच्या परवानगीचे लचांड मागे लागले आणि ज्या पक्ष्याकडे शेतकरी आजवर दुर्लक्षाने का होईना पण सहन करून पाहात होता, तो पक्षी त्याला वैरी वाटू लागला.

आणि हे सर्व सोसून माळढोकाला काय मिळाले? त्याच काळात उजनीचे पाणी कालव्यांनी फिरले. ज्वारी, करडई, भुईमूग आणि मोकळे माळ यांच्या जागी ऊस उभा राहिला. माळढोक हा उघड्यावर, जमिनीवर, वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा पक्षी; उंच पिकाच्या दाटीत त्याला थारा नाही. विजेच्या तारा पसरल्या. वनखात्याने तर गवताळ माळावर गिरिपुष्पाची झाडे लावून आणखी भर घातली. अल्पभूधारकाच्या विहिरीला परवानगी मागणारा कायदा साखरसम्राटाच्या उसासमोर आणि शासनाच्या स्वतःच्या कालव्यासमोर गप्प बसला. पुढे २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणि त्यानंतर आणखी खाली आणण्यात आले. तोवर उशीर झाला होता. ज्या नान्नजला एके काळी दोन-अडीच डझन माळढोक मोजले जात, तेथे अलीकडच्या मोजण्यांत एखाददुसराच पक्षी दिसला. तेहेतीस वर्षे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा आकडा नकाशावर मिरवला आणि वार्षिक अहवालात तो यश म्हणून नोंदला गेला. त्याच अहवालाला जोडून पक्ष्यांच्या संख्येचा आलेख सक्तीने छापला असता, तर दहा वर्षांतच या यशाचा बुरखा फाटला असता.

मध्य प्रदेशातील करेरा येथेही याच पक्ष्यासाठी १९८१ मध्ये अभयारण्य झाले. तेथे संरक्षणाने काळवीट वाढले, त्यांनी पिके खाल्ली, गावे विरोधात गेली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत माळढोक नाहीसा झाला. पक्षी गेला तरी निर्बंध पुढे कित्येक वर्षे राहिले. किल्लारी, औसा, निलंगा या पट्ट्यातील ज्या शेतकऱ्याच्या तुरीत आणि हरभऱ्यात रात्री हरणांचा कळप उतरतो त्याला करेऱ्याची गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

येथे काही साथी म्हणतील की यातून एकच निष्कर्ष निघतो: वन्यजीवांचे लाड हा सुखवस्तूंचा शौक आहे आणि पक्षाने त्यात पडू नये. हा निष्कर्ष उथळ आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो शत्रूला मोकळे रान देणारा आहे. चळवळीने शास्त्राकडे पाठ फिरवली की शास्त्राच्या नावावर गरिबांना हुसकावण्याचा मक्ता दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. याचा दाखला भरतपूरचा आहे आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केला पाहिजे.

राजस्थानातील केवलादेव घना हे पाणपक्ष्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण. ते राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात तेथील गुराढोरांची चराई एकाएकी बंद करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाण्यात सोडणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे बळी गेले. बंदीमागे तर्क सरळ होता: म्हशी चरतात, म्हणून पक्ष्यांचे नुकसान होते. हा तर्क कोणी तपासला होता काय? त्याच दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ तेथे वर्षानुवर्षे मोजदाद करीत होते. चराई थांबल्यावर पाण्यात गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांना ते बाधले, असे त्यांच्या दीर्घ अभ्यासातून निष्पन्न झाले. म्हशीच त्या तळ्याच्या फुकटच्या माळी होत्या. संस्थेतील ज्येष्ठांचा कल आधी बंदीच्या बाजूला होता. तरीही संस्थेने हा निष्कर्ष दडपला नाही, ही शास्त्राची प्रतिष्ठा. पण गोळीबारात मेलेल्यांना तो निष्कर्ष वाचायला मिळाला नाही. चुकीच्या उपायाची किंमत कोण मोजतो, याचे यापेक्षा उघड उदाहरण नाही: उपाय सुचविणारा सभागृहात असतो आणि त्याचे प्रायश्चित्त बांधावरच्या माणसाला घ्यावे लागते.

हा प्रकार मागासलेल्या देशांतच घडतो असे कोणी समजू नये. विल्यम सदरलँड यांनी २००४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर नेमके हेच दाखवून दिले, की निसर्गरक्षणाचे निर्णय घेणारे बहुतांशी ऐकीव माहितीवर आणि सवयीवर चालतात, तपासलेल्या पुराव्यावर नाही. वैद्यक शास्त्रात असे चालले असते तर आजही रोग्यांचे रक्त काढून ताप उतरविला गेला असता. इंग्लंडमध्ये नव्या रस्त्यांवर वटवाघळांसाठी तारांचे पूल उभारण्यात आले. वटवाघळे त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता वाहनांच्या उंचीवरूनच रस्ता ओलांडतात, हे २०१२ मध्ये मोजून दाखविले गेले. तरीही तसे पूल पुढे उभे राहिले. ठेकेदार सर्वत्र सारखाच.

कोस्टा रिकातील अभ्यासकांनी २००८ मध्ये याहून खोलवर जाणारी गोष्ट दाखविली. तेथील संरक्षित जंगले तुटली नाहीत ती बऱ्याच अंशी यासाठी की ती दुर्गम, नापीक उतारांवर होती. तेथे कुऱ्हाड तशीही जाणार नव्हती. सारख्या जमिनीची सारख्या जमिनीशी तुलना केली तेव्हा नेहमीच्या पद्धतीने काढलेले यश साठ-पासष्ट टक्क्यांहून अधिक फुगवलेले निघाले. ज्या विहिरीला पाणीच नाही तिच्यावर राखणदार बसवून पाणीचोरी थांबल्याची फुशारकी मारण्यासारखे हे आहे.

आता माळढोकाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण कोणता उपाय कोणत्या प्राण्याला लागू पडतो हा प्रश्न किती बारकाव्याचा आहे ते तेथे दिसते. आज हा पक्षी मुख्यतः राजस्थानात उरला आहे. २०१८ च्या सुमारास देशभरात जेमतेम दीडशे. जैसलमेरकडे त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण विजेच्या तारा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बराच शिथिल केला. तडजोड म्हणून तारांवर फिरत्या चकत्या बसविण्यावर भर दिला जातो. त्या स्वस्त आहेत, कंपन्यांना परवडतात. दक्षिण आफ्रिकेत कारू प्रदेशातील संशोधकांनी याच उपायाची अनेक वर्षे चाचणी घेतली, काही तारांवर खुणा लावून आणि काहींवर न लावता. निळ्या क्रौंचांचे मृत्यू त्यामुळे ९२ टक्के घटले. माळढोकाच्या जातभाईंवर मात्र काडीचा परिणाम झाला नाही. उडताना खाली पाहणाऱ्या या पक्ष्याला समोरचे दिसतच नाही. अर्थात क्रौंचाला वाचविणारी चकती माळढोकाच्या नावावर खपविणे म्हणजे भांडवलदाराला दिलेली सवलत पर्यावरणाच्या खात्यात जमा करणे होय. तार जमिनीखाली घालणे खर्चिक आहे म्हणून ते अशास्त्रीय ठरत नाही.

उपाय लागू पडतात तेव्हा ते कसे पडतात, हे गिधाडांच्या प्रकरणात पाहावे. १९९० च्या दशकात देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारात एकावर आली. अधिवास नष्ट झाला, झाडे तोडली, शिकार झाली, अशी नेहमीची उत्तरे तयार होती. त्यांवर विसंबून एखादे गिधाड-अभयारण्य जाहीर करणे सोपे होते. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे चिरून तपासली आणि २००४ मध्ये कारण जाहीर केले: गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले, गिधाडांनी खाल्ले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे हेही सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, त्या २०१५ मध्ये बंद केल्या. घसरण मंदावली. एकाही गावकऱ्याला हुसकावावे लागले नाही, एकही कुरण बंद करावे लागले नाही. आणि गिधाडे नसण्याची किंमत? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. सडकी मढी, दूषित पाणी, मोकाट कुत्री. मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी जातीने मारले होते त्यांनी ते नाकारले, हे योग्यच झाले. गिधाडे तेच काम कोणाची जात न विचारता करीत होती. पक्ष्यांचा प्रश्न श्रीमंतांचा शौक आहे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

या प्रकाशात लातूर जिल्ह्याकडे पाहावे. येथे वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे, म्हणून झाडे लावण्याचा पुकारा येथे सर्वांत मोठा. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी आणि २०१९ च्या मोहिमेत ३३ कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले गेले. खड्डे मोजले गेले. मात्र मराठवाड्याचा माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे; तो मुळातच गवताचा प्रदेश आहे. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल यांचे ते घर आणि मेंढपाळाचे ते चराऊ रान. सरकारदरबारी त्याचे नाव ‘पडीक’. पडीक म्हटले की त्यावर झाडे लावता येतात, सौर प्रकल्प उभारता येतो, औद्योगिक क्षेत्र आखता येते. गवत राखले हे सांगायला फीत कापता येत नाही.

गायरानाच्या प्रश्नाशी हे थेट जोडलेले आहे. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यातील दलित भूमिहीनांनी गायरान कसायला घेतले. नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतचे त्यांचे कब्जे नियमित करण्याचे ठरले. त्या निर्णयाची अंमलबजावणी आजही अपुरी आहे. उद्या ‘हरणांसाठी कुरण’ या गोड नावाखाली याच दोन-तीन एकरांवरून त्यांना उठविण्याचा प्रस्ताव आला तर पक्षाची भूमिका काय असेल? ‘निसर्ग की गरीब’ असा सापळा कोणी लावला तर त्यात पाय घालण्याचे कारण नाही. आधी विचारावे: त्या दोन एकरांनी किती हरणे वाचतील हे कोणी मोजले आहे? शेजारच्या शंभर एकर उसाने किती कुरण खाल्ले, ते कोणी मोजले आहे? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षीही जिल्ह्यात ऊस होताच.

म्हणून किल्लारी परिसरातील शाखांनी या विषयावर ठराव करण्याआधी हाती घेण्याजोगे काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाचा धाक दाखविल्यावर या नोंदवह्या राज्यभर घाईने भरल्या गेल्या. ग्रामसभेत ती नोंदवही मागावी आणि मोठ्याने वाचावी. गावच्या मेंढपाळाला, पारध्याला, गुराख्याला समोर बसवून वाचावी. त्यांनी सांगितलेले आणि वहीत लिहिलेले यांत तफावत निघाली तर ती तेथेच दुरुस्त करून घ्यावी.

दुसरे, वनखाते किंवा सामाजिक वनीकरण गावच्या माळावर झाडे लावायला येईल तेव्हा अर्धा माळ तसाच गवताखाली ठेवण्याची अट ग्रामसभेने घालावी, आणि पाच वर्षे दोन्ही अर्ध्यांतील चारा, जगलेली झाडे, काळविटे व जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांची मोजणी शाळेच्या मुलांकडून दर मार्गशीर्षात करून घ्यावी. हरणांपासून पीक वाचविण्यासाठी काही शेतांना कुंपण, काहींना झटका यंत्र, काहींना रात्रीची राखण अशी विभागणी करून कोणत्या उपायाने किती पिशव्या तूर घरात आली याची नोंद ठेवावी. नुकसानभरपाईच्या अर्जांची वाट पाहात तीन हंगाम घालविण्यापेक्षा ती नोंद तहसीलदाराच्या टेबलावर अधिक वजनाची ठरेल. उपायाचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, हा रकाना त्याच तक्त्यात असावा. येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी निदान पाच गावांत हे तक्ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.